सुटकेनंतरचं काम

1861 साली इंग्रजांनी मध्य प्रांत स्थापन केला. त्यानंतरच्या पाच वर्षांत नागपुरात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या एकत्र ठेवून पाहण्याची गरज आजवर फारशी कोणाला वाटलेली दिसत नाही. 1864 साली तिथं वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. दुसरी गोष्ट एका पुस्तकाची. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1863 साली नदीत बुडून वारले. त्यांनी मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयी जमवलेली टिपणं प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 साली छापली. त्या टिपणांत, गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणाऱ्या लिंगोचं एक लांबलचक गोंडी गाणं आहे. गोंडांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परधान गायकांच्या तोंडून ते उतरवून घेतलेलं होतं. एका बाजूला सरकार माणसांना कोंडायची इमारत बांधत होतं, आणि त्याच सरकारचा प्रमुख कोंडलेल्या माणसांच्या सुटकेची कथा छापत होता. या दोन गोष्टींत एक तिसरी दडलेली आहे आणि तीच या लेखाचा विषय आहे: मानसिक आजारातून उठलेल्या माणसाला घरात, गावात, नात्यात परत बसवण्याचं काम करणारा माणूस. त्याला आपल्याकडे मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणतात. हा व्यवसाय कसा घडला, त्याला परवाना कसा मिळू लागला, आणि तो परवाना गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या पायथ्याशी अजून का पोचत नाही, याची कारणं त्याच्या इतिहासातच सापडतात.

कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या सालेकसा-दरेकसा परिसरात, धनेगावाजवळच्या जंगलात या नैसर्गिक गुहा आहेत. माघ पौर्णिमेला इथं जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतून पिवळे गमछे, पिवळे फेटे बांधलेली माणसं 'जय सेवा' म्हणत डोंगर चढतात. आज या जत्रेचं जे मोठं रूप दिसतं ते 1980 च्या दशकात गोंडी अभ्यासकांच्या पुढाकारानं घडलं. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडी भाषा, लिपी आणि धर्म यांवर आयुष्यभर लिहिणारे मोतीरावण कंगाली त्यांतलं सर्वांत ठळक नाव. गोंडी परंपरा सांगते, की काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडाशी भली मोठी शिळा लावली गेली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं. हिरासुका पाटालीर या वादकाच्या वाद्यातून मुलांच्या अंगी बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली आणि हिरासुका त्या शिळेखाली गेला. हिस्लॉपच्या टिपणातला पाठ याच्याशी तंतोतंत जुळत नाही. पात्रं वेगळी आहेत, संख्या वेगळी आहे. पण तिथंही गुहा आहे, शिळा आहे, लिंगो आहे आणि काचिकोपा लोहगड हे स्थळनाम आहे. आजचे गोंडी अभ्यासक ते कचारगडाशी जोडतात.

मला त्या छापील पाठाची रचना महत्त्वाची वाटते. त्याचे पाच भाग आहेत. गोंडांची सुटका तिसऱ्या भागात होते आणि कथा तिथं संपत नाही. चौथ्या भागात लिंगो सुटलेल्यांची कुळं लावून देतो, कोणी कोणाचा सगा, कोणत्या गटाचे देव कोणते हे ठरवतो. पाचव्या भागात लग्नाचे विधी येतात. शिळा बाजूला झाली तरी बाहेर आलेल्याला नातं, देव, सोयरीक आणि घर मिळेपर्यंत काम पुरं होत नाही, ही समजूत त्या रचनेतच आहे. ही कथा मानसिक आजाराविषयी नाही आणि तिला तसं वाचणं हा तिच्यावर अन्याय होईल. ती एका समाजाच्या उगमाची आणि धर्माची कथा आहे. शिवाय ती आपल्यापर्यंत परक्या धर्माच्या प्रचारकाच्या वहीतून, आणि मग एका प्रशासकाच्या संपादनातून आलेली आहे. मी तिच्याकडून एवढंच घेतो, की बंदिवासातून सोडवणं आणि माणसांत परत बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे या मुलखातल्या लोकांना ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कामाला त्यांनी पहिल्याहून कमी जागा दिली नव्हती. सरकारी व्यवस्थेला हे उमगायला नंतरची सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

त्या व्यवस्थेचा पाया 1858 च्या वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्यात होता. त्यात मुख्य प्रश्न असे, की कोणाला आत घ्यायचं, कोणाच्या हुकमानं घ्यायचं आणि खर्च कोणी सोसायचा. 1912 च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टनं देखरेख वाढवली, इस्पितळं हळूहळू वैद्यकीय हाताखाली आली, पण आत कोण आणि बाहेर कोण हाच मूळ प्रश्न राहिला. रत्नागिरी, ठाणे, येरवडा, नागपूर या चार ठिकाणच्या इमारती याच काळातल्या आणि आजही महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालयं तीच चार आहेत. 1946 च्या भोर समितीनं हिशेब मांडला तेव्हा हिंदुस्थानात मानसिक आजाराच्या सुमारे दहा हजार खाटा होत्या, म्हणजे साधारण चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडात ते प्रमाण तीनशे लोकांमागे एक असं होतं. खाटांची ही टंचाई आपल्याला नेहमी सांगितली जाते. पण खाटेवरून उठून घरी गेलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे पाहायला कोणीच नेमलेलं नव्हतं, ही टंचाई क्वचितच सांगितली जाते. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातून नागपूरला नेलेला रुग्ण बरा झाला, तर त्याला घ्यायला कोणी आलं तर तो जाई. नाही आलं तर राही.

ही उणीव भरून काढणारा व्यवसाय आधी अमेरिकेत उभा राहिला. 1904 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ॲडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञांच्या पत्नी मेरी या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या राहणीची, नात्यांची, कामाची माहिती आणू लागल्या. मग बोस्टनच्या मनोरुग्णालयात मेरी जॅरेट यांनी या कामाला 'सायकियाट्रिक सोशल वर्क' हे नाव आणि शिस्त दिली, आणि 1918 साली स्मिथ कॉलेजात त्याचं शिक्षण सुरू झालं. पहिलं महायुद्ध संपत आलेलं होतं. रणांगणावर मन मोडलेले सैनिक घरी परतत होते आणि त्यांना घरात बसवणारे लोक हवे होते. 1929 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानसिक आरोग्याचा असा अभ्यासक्रम आला. या सगळ्या सुरुवातींत एक धागा सारखा दिसतो. डॉक्टरच्या खोलीबाहेर, रुग्णाच्या उंबऱ्याआत जाणं हेच या व्यवसायाच्या जन्माचं कारण होतं.

हा व्यवसाय मुंबईला आला तोही उंबऱ्यातूनच. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात गिरणी कामगारांच्या वस्तीत नेबरहूड हाउस चालवत. त्यांच्या पुढाकारानं 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पुढं ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखलं गेलं. 1937 मध्ये या शाळेनं चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. मुलाची तक्रार घेऊन आलेल्या घराशी बोलायचं, शाळेशी बोलायचं, गरज पडली तर चाळीत जायचं, हे तिथलं काम. 1946 साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य ही स्वतंत्र शाखा तयार झाली. गौरी राणी बॅनर्जी यांनी ती वाढवली. समाजकार्याची मुळं केवळ पाश्चात्त्य नसावीत, ती भारतीय विचारात शोधावीत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्या काळात तो धाडसी होता. मात्र त्यांनी ज्या भारतीय विचाराकडे पाहिलं तो गीतेसारख्या ग्रंथांतला होता. परधानांच्या गाण्यात, गोटुलात म्हणजे गावच्या तरुणांच्या सामूहिक घरात, सगा-व्यवस्थेत माणसाला सांभाळण्याचं जे शहाणपण होतं ते या अभ्यासक्रमाच्या चौकटीत कुठं बसलं नाही. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शाळा मुंबईत होती, शिकणारे शहरातले होते आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी होती.

पुढच्या तीस वर्षांत व्यवसायाचं केंद्र वस्तीकडून रुग्णालयाकडे सरकलं. बेंगळुरूचं निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था इथं रुग्णालयाच्या आवारात दोन वर्षांचं विशेष प्रशिक्षण उभं राहिलं. त्याचा दर्जा उत्तम होता आणि आहे. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाला आणि त्या धर्तीवर 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिकेबरोबर मनोविकार समाजकार्यकर्त्याची जागा धरलेली होती. म्हणजे कागदावर तो पुन्हा गावाकडे निघाला होता. पण तो नक्की कोण, हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या होती, समाजकार्यकर्त्याची नव्हती.

ती आली 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. 29 मे 2018 रोजी हा कायदा लागू झाला. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ मनोविकार समाजकार्यातलं एम.फिल., अशी ही व्याख्या आहे. अशा व्यक्तीनं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली, की ती कायद्याच्या भाषेत 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' होते. आपल्याकडे परवाना म्हणतात तो हाच. तो निव्वळ मान नाही. या कायद्याच्या कलम 89 प्रमाणे स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला रुग्णालयात दाखल करायचं तर दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. एक मनोविकारतज्ज्ञाची आणि दुसरी अशा व्यावसायिकाची किंवा डॉक्टरची. एका नागरिकाच्या स्वातंत्र्यावर ज्याची सही चालते, तो शिकलेला, नोंदलेला आणि जाब देणारा असलाच पाहिजे. परवाना म्हणजे नुसती नोकरशाही, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. 1864 च्या इस्पितळात सही कोणाची चालायची आणि तिला जाब विचारणारं कोण होतं, हे आठवलं की परवान्याची किंमत कळते.

माझा आक्षेप परवान्याच्या वाटेवर आहे. बारावी, तीन वर्षं पदवी, दोन वर्षं एम.एस.डब्ल्यू., दोन वर्षं एम.फिल., अशी ही एकोणीस वर्षांची वाट होते. शेवटच्या टप्प्याच्या जागा देशात मोजक्या, त्या बहुतेक मोठ्या शहरांत, आणि शिक्षण इंग्रजीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या मानसिक आरोग्य ॲटलसमध्ये भारतात एक लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्याचं काम करणारे समाजकार्यकर्ते 0.06 दिलेले आहेत. 2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 22 हजारांच्या आसपास होती. देशाच्या सरासरीनं या सबंध जिल्ह्याच्या वाट्याला एक पूर्ण माणूसही येत नाही. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 16 टक्के आहे आणि सालेकसा, देवरी या पूर्वेकडच्या तालुक्यांत त्यांची वस्ती दाट आहे. मग सरासरीतला तो अपुरा माणूस जरी नेमला गेला, तरी तो गोंडी बोलणारा असण्याची शक्यता किती? 2011 मध्ये देशात सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. तिला आठव्या अनुसूचीत जागा नाही, आणि या व्यवसायाच्या शिक्षणातही नाही.

हे काम जवळून कसं दिसतं ते पाहिलं, की ही उणीव किती खोल आहे ते कळतं. नागपूरहून किंवा गोंदियाच्या जिल्हा रुग्णालयातून एखादा तरुण महिन्याच्या गोळ्यांची पुडी आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन जंगलाकाठच्या गावी परततो. नागपूर तिथून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. गोळीनं सुस्ती येते. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जावं लागतं, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. सुस्त माणसाची मजुरी बुडते, म्हणून घरचेच म्हणतात, हंगाम होईस्तोवर गोळी राहू दे. दोन महिन्यांत आजार उलटतो आणि गाव म्हणतं, दवाखान्याचा काही उपयोग झाला नाही. चांगला समाजकार्यकर्ता इथं तीन गोष्टी करतो. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येईल का हे तो डॉक्टरला विचारतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये मानसिक आजार धरलेला असल्यामुळे तो प्रमाणपत्राच्या मागे लागतो आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून घेतो. आणि तिसरं, सर्वांत अवघड, तो घरातल्या म्हाताऱ्या आईशी, मामाशी, गावच्या भुमकाशी, म्हणजे पुजारी-वैदूशी, त्यांच्या बोलीत बोलतो. त्याच्या केस-हिस्टरीच्या छापील फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, कुटुंबातला आजार असे रकाने असतात. हा मुलगा कोणत्या सगाचा, त्याच्या आजारपणात सोयऱ्यांनी येणं-जाणं तोडलं का, घरच्या देवाचं काही राहून गेलं अशी घराची समजूत आहे का, हे विचारणारा रकाना नसतो. ज्याला हे न विचारताच ठाऊक असतं तो गावातलाच असतो, आणि तोच परवान्याच्या वाटेवर कुठंच नसतो.

यावर पहिलं उत्तर असं येतं, की मग भुमका आहेच. आदिवासी समाजाकडे आपली उपचारपद्धती आहे, शहरी परवाना कशाला? या म्हणण्यात आदर आहे, पण तो अर्धाच आहे. अंगात येणं, नवस, गाऱ्हाणं, रात्रभरची वाद्यं यांतून अनेकांना आधार मिळतो आणि त्याला आजार ठरवायला कायदाही परवानगी देत नाही. 2017 च्या कायद्याचं कलम 3 स्पष्ट म्हणतं, की एखाद्या सांस्कृतिक किंवा धार्मिक गटाचा घटक आहे म्हणून, किंवा समाजाच्या मूल्यांशी आणि श्रद्धांशी जुळत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पण उन्मादात तीन आठवडे न झोपलेल्या मुलीला, स्वतःला जाळून घेऊ पाहणाऱ्या माणसाला, फेफऱ्याच्या रुग्णाला औषध लागतं, आणि ते वेळेत लागतं. साखळीनं बांधण्याला कलम 95 नं बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरतो, आणि तो कायदा व्हावा म्हणून झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण द्यावे लागले. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा श्रद्धास्थानाजवळच्या आश्रयगृहात साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण जळून मेले. उलट गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुआ' असा कार्यक्रम चालला, ज्यात मुजावर भाविकांना शेजारीच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. श्रद्धा आणि औषध यांच्यामध्ये दोन्हींचा विश्वास असलेला माणूस उभा राहिला तर दोन्ही टिकतात. कचारगडाच्या पट्ट्यात तसा माणूस घडवायचा असेल तर तो गोंडी घरातलाच असावा लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वाट सोपी केली तर दर्जा घसरेल, आणि आदिवासींच्या वाट्याला पुन्हा दुय्यम सेवा येईल. ही भीती खोटी नाही. आदिवासी भागांत अर्धवट शिकलेल्यांवर काम भागवण्याची सवय सरकारला आहे. पण या शंकेचं उत्तर शेजारच्या गडचिरोलीनं दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. काटेकोर प्रशिक्षण होतं, नियमित देखरेख होती. 1999 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. मानसिक आरोग्यातही विदर्भातच पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत चाललेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. या दोन्ही ठिकाणी दर्जा टिकला तो देखरेखीमुळे. पदवीची लांबी त्याला कारण नव्हती. अर्थात हे कार्यकर्ते परवानाधारक नव्हते, त्यांच्या सहीला कायद्यात वजन नव्हतं आणि प्रकल्प संपला की त्यांची ओळखही संपते. माझं म्हणणं नेमकं या ठिकाणी सुरू होतं. अशा कार्यकर्त्याला तिथंच थांबवू नये. त्याच्या गावातल्या कामाचे तास मोजले जावेत, आणि पायरी पायरीनं त्याला नोंदणीपर्यंत नेणारी वाट असावी. शेवटच्या पायरीवरची परीक्षा सर्वांना सारखीच ठेवावी, त्यात एक गुणही कमी करू नये.

आरक्षण आहेच की, असंही कोणी म्हणेल. आहे, आणि ते राहिलंच पाहिजे. पण केंद्रीय संस्थेत दहा जागा असल्या तर साडेसात टक्क्यांत एक पूर्ण जागाही बसत नाही. शिवाय एकोणीस वर्षांच्या वाटेवर अनेक मुलं आश्रमशाळेतच गळतात. शेवटच्या दाराशी ठेवलेलं आरक्षण मधल्या दारांचं काही करू शकत नाही. टेलि-मानसचं उदाहरणही दिलं जाईल. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर फोनवरून समुपदेशन मिळतं आणि ती सेवा वाढली पाहिजे, यात शंका नाही. पण फोनवरचा माणूस निराधार योजनेचा अर्ज भरत नाही, आणि रुसलेल्या सोयऱ्यांना उंबऱ्यावर आणत नाही.

आत्ताच हे बोलायचं कारण असं, की वाट नव्यानं आखली जाण्याची वेळ आलेली आहे. 2022 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. ही पदवीच बंद केली. पुढं मनोविकार समाजकार्य आणि चिकित्सालयीन मानसशास्त्र या दोन शाखांना 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली गेली. म्हणजे 2017 च्या कायद्यातली व्याख्या ज्या पदवीवर उभी आहे तीच पदवी निघून चालली आहे. दुसरीकडे 2021 च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यानं मनोविकार समाजकार्यकर्त्याला आपल्या यादीत घेतलेलं आहे. त्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. एक किमान 2000 तासांच्या, दोन ते चार वर्षांच्या शिक्षणाची, आणि दुसरी किमान 3600 तासांच्या, तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाची. तास मोजण्याची पद्धत आणि पायऱ्यांची कल्पना दोन्ही तिथं तयार आहेत. शिवाय डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीनं 2018 च्या अहवालात आदिवासी भागाच्या दहा विशेष आरोग्यप्रश्नांत व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य यांना जागा दिलेली आहे. निदान तयार आहे, कायदा तयार आहे, या मुलखातला पुरावा तयार आहे. राहिलं आहे ते नियम लिहिण्याचं काम.

ते नियम दिल्लीत आणि मुंबईत लिहिले जातील. महाराष्ट्र शासन, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि आरोग्य व्यावसायिकांची राज्य परिषद यांच्याकडे त्यासाठी चार मागण्या आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपूर आणि गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना जोडून पूर्व विदर्भासाठी मनोविकार समाजकार्याचं प्रशिक्षण केंद्र सुरू करावं, आणि त्यातलं निम्मं क्षेत्रकार्य सालेकसा, देवरी, कोरची, धानोरा अशा तालुक्यांतल्या गावांत ठेवावं. गोंडी, माडिया, झाडीबोली यांपैकी एका बोलीत घरभेट करून दाखवणं ही परीक्षेची अट करावी, मग उमेदवार कोणत्याही जातीजमातीचा असो. आशा, आरोग्यदूत किंवा प्रकल्प-कार्यकर्ता म्हणून देखरेखीखाली केलेलं काम नोंदणीच्या तासांत धरावं. आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत कचारगडाची जत्रा उभी करणाऱ्या गोंडी अभ्यासकांपैकी दोघांना तरी बसवावं. माणूस गुहेतून बाहेर आल्यावर पुढं काय करायचं, याचा विचार त्यांच्या परंपरेनं आपल्या कायद्याच्या फार आधी केलेला आहे.